पालथं फुलपात्र

होटगी
३ फेब्रुवारी २०२५

सौ. सुकन्याअक्कांस,
रेश्माचा नमस्कार.

पत्र बघून दचकू नका. खरं तर दचकण्यासारखंच आहे, पण वाचल्या वाचल्या फोन करू नका, एवढी विनंती. फोनवर बोललं की आईंच्या कानावर जातं, ह्यांच्याही जातं. आपल्या घराच्या भिंती तुम्हाला ठाऊक आहेत. इकडं कुणी शिंकलं तर पलीकडं कमलम्मा काढा ठेवते. म्हणून एमआयडीसीत आमच्या कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत टॉवेलच्या गठ्ठ्यावर बसून लिहितेय.

आई दोनदा पडल्या. दोन्ही वेळा सकाळी, मी कामावर आल्यानंतर. बाजेवर बसल्या बसल्या घामानं चिंब झाल्या, हात थरथरायला लागले, हाक मारली तर ओ देईनात. हे रात्रपाळी करून आत झोपलेले. कमलम्मा ताक द्यायला आली म्हणून कळलं. तिनं गालात साखर भरली, तेव्हा डोळे उघडले. मी दुसऱ्या दिवशी आईंना दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, रक्तातली साखर फार खाली जातेय, इन्शुलिन जास्त पडत असणार. मला विचारलं, "बाई, आकडा नीट बघून देता ना?"

अक्का, मी नीटच बघते. आपली पद्धत तुम्हाला माहीत आहे. फ्रिजवर आईंचं पितळी फुलपात्र. उभं असलं तर सकाळची सुई द्यायची राहिलीय, पालथं असलं तर दिलीय. मी पहिल्या पाळीला निघते, हे रुळावरची गस्त संपवून येतात, त्यामुळं जो हाताशी असेल त्यानं द्यायची आणि फुलपात्र पालथं घालायचं. आईंना विचारून काय उपयोग? त्यांचं ठरलेलं, "घेतली की!" सुई टळावी म्हणून बिरोबाची शपथसुद्धा घालतील. त्या दोन्ही दिवशी फुलपात्र उभं होतं, मीच सुई दिली आणि मीच ते पालथं घातलं.

मग चुकतंय कुठं? हल्ली इन्शुलिनच्या पेनाचा आकडा मी तीन-तीनदा फिरवून बघते. मला माझ्याच हाताची भीती वाटायला लागलीय. तुम्ही चुका शोधायचंच काम करता ना? मग माझी शोधून द्या. आणि ह्यांना यातलं काही लिहू नका.

तुमची,
रेश्मा


पुणे
८ फेब्रुवारी

प्रिय रेश्मा,

फोन केला नाही, शब्द पाळला. आईचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नाही.

आधी एक सांगते. तुझ्या हातची शिवण मी पाहिलीय. सरळ रेघ मारावी तशी टॉवेलची कड मारतेस तू. तो हात आकडा चुकेल असं मला वाटत नाही. मला आईचाच संशय आहे. सुई घेऊन झाली की न्याहारी तुळशीत टाकत असेल किंवा शेळीला घालत असेल. ती लबाड आहे, आपल्याला काय माहीत नाही? तू आठवडाभर रजा काढ आणि तिच्या समोर बसून राहा. काय खाते, कधी खाते, सगळं बघ.

चुका शोधायचं म्हणतेस, तर माझीही गत ऐक. संगणकाच्या पोटात एक कारभारी असतो. कुठली फाइल कुणी उघडायची, कुणी लिहायचं, हे तो ठरवतो. एकाच फाइलीत एकदम पुष्कळ जण लिहायला आले, तरी कुणाचं लिहिणं पुसलं जाता कामा नये. माझं काम म्हणजे मुद्दाम भांडण लावायचं. हजारो जणांना एका फाइलीवर सोडायचं आणि नंतर बघायचं, सगळ्यांचं लिहिलेलं शाबूत आहे का. पूर्वी या कारभाऱ्याकडे सगळ्या फाइलींना मिळून एकच कुलूप होतं. एकाचं होईपर्यंत बाकीचे ताटकळत. फार रखडायचं, म्हणून आमच्या लोकांनी ते काढून ठिकठिकाणी छोटी छोटी कुलपं बसवली. आता काम पळतं. पण अधूनमधून माझी चाचणी लाल होते. कुणाचं तरी लिहिणं गिळलं गेलेलं असतं. पुन्हा चालवली की हिरवी! साहेब म्हणतात, "तुमची ही चाचणी रोजच ओरडते. किती वेळा तिच्यामागे धावायचं?" आणि त्यांचंही खोटं नाही. पूर्वी ती कारण नसतानाही ओरडलेली आहे. मलासुद्धा आता तिचा भरवसा वाटत नाही. पण हे सगळं कुठल्या कुठल्या दवाखान्यात, बँकेत जाऊन बसणार आहे.

असो. तिकडे निदान दिवाळीत मी दुसरं पेन आणून दिलं हे बरं झालं. एका पेनासाठी तुम्ही दोघं एकमेकांची वाट बघत बसायचात. आईकडे लक्ष ठेव आणि लगेच लिही.

तुझी,
अक्का


होटगी
२२ फेब्रुवारी

अक्का,

रजा काढली. आठवडाभर आईंच्या समोरून हलले नाही. ज्वारीची भाकरी, वरण, सगळं खाल्लं त्यांनी. तुळशीत काही नाही, शेळीला काही नाही. रोज सकाळी मीच सुई दिली, कारण मी घरात आहे म्हटल्यावर हे त्या वाटेला गेलेच नाहीत. साखर अगदी डॉक्टर म्हणतात तेवढी. आई गाणी म्हणत होत्या. मला वाटलं, गेलं संकट.

कामावर परत रुजू झाले आणि तिसऱ्या दिवशी आई पुन्हा पडल्या. या वेळी कमलम्मानं साखर भरली तरी बराच वेळ डोळे उघडेनात.

आता ऐका. शुद्धीवर आल्यावर आई कमलम्माला म्हणाल्या, "सारखी सारखी टोचत्यात गं मला." कमलम्मा वाईट नाही, पण तिचं तोंड म्हणजे गावची दवंडी. काल पाण्याच्या टाकीजवळ बायका माझ्याकडं बघून गप्प झाल्या. सून घरात बसून असली की सासू बरी, सून बाहेर गेली की सासू पडते, याचा अर्थ लोक काय काढतील सांगा? हे तर माझ्याकडं बघतच नाहीत. त्यांच्या मनात काय आहे या भीतीनं माझा जीव अर्धा झालाय. उद्या आईंना काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?

सकाळी फुलपात्र उभं दिसलं की मी फ्रिजपाशीच थांबते. द्यावी तर भीती आणि न द्यावी तर साखर वाढायची भीती.

रेश्मा


पुणे
२७ फेब्रुवारी

प्रिय रेश्मा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू बघत बसलीस तोवर काही झालं नाही, तू उठलीस आणि झालं. माझ्याकडेही हुबेहूब हेच चाललंय. चूक कुठे होते ते दिसावं म्हणून मी कारभाऱ्याला सांगितलं, प्रत्येक पाऊल टाकताना मला सांगत जा. तर त्या सांगण्यातच त्याचा वेळ जातो, सगळे जरा जरा मागेपुढे होतात आणि चूक होतच नाही. सांगणं बंद केलं की पुन्हा होते. बघणाऱ्याला ती दिसत नाही. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण हल्ली त्या लाल रेघेकडे बघायची भीती वाटते. साहेबांनी मार्चअखेरीपर्यंत मुदत दिलीय. तोवर सापडली नाही तर चाचणीच काढून टाकणार.

आता एक विचारते, रागावू नकोस. कामावर जायच्या घाईत, कारखान्याचा टेम्पो सुटेल या धसक्यात, आकडा जास्त फिरवला जातो का? रजेवर होतीस तेव्हा घाई नव्हती, म्हणून नीट झालं असेल. तुला एकदा चष्म्याचा नंबरही तपासायला हवा. मी तुला दोष देत नाही गं. पण आई ती माझी.

बिरुदेवला मी वेगळं पत्र टाकतेय. तुझं नाव घेणार नाही, सकाळी घरात काय काय होतं एवढंच विचारणार आहे.

अक्का


होटगी
४ मार्च

सौ. सुकन्याअक्कांस,

म्हणजे तुम्हीसुद्धा.

चष्म्याचा नंबर तपासला. डोळे चांगले आहेत. आता मन तपासणारा डॉक्टर असला तर तोही सांगा.

तुम्ही ह्यांना पत्र टाकलंत, आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. दिवाळीनंतर आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही. हे म्हणाले, "काम सोड, आईकडं बघ." मी म्हटलं, "तुम्ही सोडा की." शब्दाला शब्द लागला आणि तेव्हापासून अबोला. मी पुढच्या दारानं जाते, हे मागच्या दारानं येतात. न्हाणीत पाण्याचा आवाज आला की समजायचं, आले. ते एक फुलपात्र आहे म्हणून घर चाललंय. एकमेकांना जे सांगायचं ते त्यानंच सांगायचं. तुम्हाला कोणत्या तोंडानं कळवणार होते? नणंदेनं म्हटलं असतं, माझ्या भावाला धड बोलतही नाही.

आईंचा जीव मला प्यारा आहे, अक्का. तुमच्याइतका नसेल, पण सकाळ-संध्याकाळ त्यांचं करणारी मी आहे. सुई देणं बंद करावं असं रोज वाटतं. पण फुलपात्र उभं ठेवून निघाले आणि ह्यांना यायला उशीर झाला तर? म्हणून देवाचं नाव घेऊन देते आणि दिवसभर गेटकडं बघत शिवत बसते, कुणी बोलवायला येतंय का म्हणून.

रेश्मा


होटगी
६ मार्च

अक्कास,
बिरुदेवचा नमस्कार.

तुजं पत्र मिळालं. शाळा सुटल्यापास्नं पत्र लिवलं न्हाय, तवा चुकलं माकलं संभाळून घे.

आईचं कळलंच आसंल. मला लई भ्या वाटतंय. रुळावर गस्त घालताना डोस्क्यात तेच. मागं झोपंतनं उठून भायेर आलो आन् तिला तसं बघितलं, तवापास्नं डोळा लागत न्हाय नीट.

तू इचारलंस सकाळी काय काय हुतंय. सांगतो. मी मागल्या दारानं येतो. फ्रिजवर बघतो. फुलपात्र पालथं आसलं तर झोपतो. उभं आसलं तर पेन काढून खिशात टाकतो, कारन गार सुई आईला झोंबती. न्हाणीत जाऊन आंगावरचं तेल-घाण धुतो, तवर पेन कोंबट हुतं. मग देतो. आई म्हंती, घेतली की. ते तर तिचं रोजचंच.

लोक रेश्माला बोलत्यात. तू त्यावर इस्वास ठिवू नको. आमचं बोलनं न्हाय हे खरं, चूक माजीच हाय. पर तुला एक सांगतो, कुनाला सांगू नको. कवाकवा सुई देऊन पेन ठिवायला जातो, तर फुलपात्र आदीच पालथं! मी आलेलो बघून, मी देनार हे वळखून, जाताजाता माज्यासाठी ती पालथं घालून गेलेली असती. तोंडानं बोलत न्हाय, पर तेवढं करती. त्या दिवशी मला लई बरं वाटतं. दोनचारदा झालं आसंल आसं. म्हटलं हळूहळू राग जाईल. आशी बाई आईचं वाईट करंल का, तूच सांग.

तुजा,
बिरुदेव


पुणे
१० मार्च

रेश्मा, बिरुदेव,

दोघांनी मिळून वाचा. फोन लावून लावून थकले. बिरुदेवचा बंद लागतोय, रेश्माचा कारखान्याच्या गेटवर जमा असणार. कमलम्माचा नंबर माझ्याकडे नाही. सोलापूरची गाडी सुटायला अवकाश आहे आणि स्टेशनवर नुसतं बसवत नाही, म्हणून लिहितेय. हे पत्र माझ्या आधी पोहोचणार नाही, माहीत आहे.

बिरुदेव, ती तुझ्यासाठी फुलपात्र पालथं घालत नव्हती रे. तिने स्वतः सुई दिलेली असायची.

असं होतंय बघा. रेश्मा फ्रिजवर बघते, फुलपात्र उभं. ती पेन घेऊन पुढच्या खोलीत आईकडे जाते. तेवढ्यात तू मागच्या दाराने येतोस. फुलपात्र अजून उभंच, कारण ती सुई देऊन परत आलेली नाही. तू दुसरं पेन खिशात टाकून न्हाणीत जातोस. ती परत येते, पालथं घालते, टेम्पो पकडते. तू न्हाणीतून बाहेर येतोस, पण पुन्हा फ्रिजकडे बघत नाहीस, कारण बघून झालेलं असतं. आणि आईला दुसऱ्यांदा सुई देतोस. दोघंही बघूनच देता. दोघांचंही खरं. बघणं आणि पालथं घालणं यांच्या मधे जी फट आहे, तिच्यातून आईचा जीव जातोय. बिरुदेव उशिरा आला की काही होत नाही, रेश्मा रजेवर असली की काही होत नाही. तुमची गाठ पडता पडता चुकते, त्याच दिवशी ती पडते.

तुझं पत्र वाचलं तेव्हा माझ्यासमोर कारभाऱ्याला लिहून दिलेल्या सूचनांचा कागद उघडा होता. त्यातही तेच आहे. आधी बघायचं, फाइल मोकळी आहे का, आणि मग कुलूप लावायचं. दोघंजण एकदम बघतात, दोघांनाही मोकळी दिसते. कित्येक आठवडे मी ती ओळ वाचत होते आणि मला ती बरोबर वाटत होती. चाचणी खरं बोलत होती. ओरडायची सवय म्हणून तिचं कुणी ऐकलं नाही.

आणि एकच पेन होतं तोवर हे होऊच शकत नव्हतं. फ्रिजमध्ये पेन नाही म्हणजे दुसऱ्याच्या हातात आहे, हे आपोआप कळायचं. आपले अण्णा रेल्वे स्टेशनवर कामाला होते तेव्हा एकेरी लाइन होती. ते म्हणायचे, लाइन मोकळी असल्याच्या खुणेचा गोळा हातात आल्याशिवाय गाडी पुढं न्यायची नाही, आणि गोळा एकच. मी त्यांची लेक, आणि मी कौतुकाने दुसरा गोळा आणून दिला.

रेश्मा, मी तुझ्यावर संशय घेतला. समोर येऊन माफी मागते. पण आधी देवाकडे एवढंच मागणं, आज सकाळी तुमची गाठ पडलेली असू दे.

गाडी लागली.

सुकन्या


होटगी
१७ एप्रिल

अक्कास,
बिरुदेवचा नमस्कार.

तू पुन्याला पोचल्याचं कळलं. तुज्या कंपनीनं ती चूक सुदारली, साहेबानं सगळ्यांम्होरं तुला बरोबर म्हटलं, हे रेश्मानं वाचून दाखवलं. बरं झालं. कुनाचंतरी वाचलं.

तू आलीस त्या दिवशी दवाखान्यात गर्दीत सगळं बोलायचं झालं न्हाय. तू यायच्या आदल्या दिवशीच कमलम्मा लग्नाला अक्कलकोटला गेलती. त्या सकाळी शेजारी कुनीच न्हवतं. मी आत झोपलेलो आन् आई भायेर बाजंवर. रेश्मा कामावरनं आली तवा तिनं बघितलं. किती येळ तशी पडली हुती, देवाला ठावं. डॉक्टर म्हंत्यात जीव वाचला हेच नशीब, डोक्याला साखर मिळाली न्हाय, बोलनं परत यील का सांगता येत न्हाय.

आता एकच पेन ठिवलंय. दुसरं रेश्मानं परत दिलं. पेन दोरीला बांदून मी नायतर ती गळ्यात घालतो, ज्याच्या गळ्यात त्यानंच द्यायची. दुसऱ्याला हाक मारून सांगायचं, "मी देतोय गं," आन् तिनं "व्हय" म्हटल्याबगर द्यायची न्हाय. फुलपात्र आता आईच्या उशापाशी आसतंय, पानी प्यायला. आमी दोगं बोलतो. लई बोलतो. रात्री भ्या वाटतं म्हनून बी बोलत बसतो.

रेश्मा तुज्यावर रागावलेली न्हाय. तिला सगळ्यात जास्त वाईट कशाचं वाटतं तर मी फुलपात्र बघून मनात खुश व्हायचो ह्याचं. तुज्या पत्रात वाचून तिनं मला इचारलं, मी सांगितलं, तवा रडली.

पर मला दुसरंच खातंय अक्का. रेश्माला सांगितलं न्हाय अजून, तुला सांगतो. तू लिवलंस की चाचनी खरं बोलत हुती, कुनी ऐकलं न्हाय. त्या सगळ्या दिवशी, मी पेन घेऊन गेलो तवा, आई म्हनाली हुती. दर बारीला म्हनाली हुती, "घेतली की रं." शेवटच्या दिवशी तर माजा हात धरला तिनं. म्हनाली, "रेश्मानं दिली की आत्ता, बिरू." मी म्हटलं, "तू रोजच म्हंतीस," आन् हात सोडवून घेतला.

आता रोज सकाळी पेन गळ्यात घालून मी आदी तिच्यापाशी बसतो. इचारतो, "आई, सुई घेतलीस का?" ती माज्याकडं बघत ऱ्हाती. मी लई येळ थांबतो. एकदा तरी "घेतली की" म्हन, खोटं म्हनलीस तरी चालंल. ती काय बी म्हनत न्हाय. मग रेश्मा आतनं "व्हय, द्या" म्हंती, आन् मी देतो.

बिरुदेव